चप्पल पायातच राहू द्या: अंदमानला निघालेल्या नाशिककरांसाठी दगडमाशाची माहिती

गेल्या जानेवारीत आम्ही घरचे सात जण अंदमानला गेलो. निमित्त मामांचं. मामा भगूरचे. सावरकरांच्या वाड्यासमोरून शाळेत जाण्यात त्यांचं लहानपण गेलं. १९११ ते १९२१ सावरकर जिथे होते ते सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी बघायचं, ही त्यांची किती वर्षांची इच्छा. ती पूर्ण झाली. कोठडीसमोर ते बराच वेळ नुसते उभे होते.

दोन दिवसांनी आम्ही शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर होतो. ओहोटी लागलेली, प्रवाळाचे खडक उघडे पडलेले. समुद्राला नमस्कार करायचा म्हणून मामांनी सँडल काढून हातात घेतले आणि घोटाभर पाण्यात उतरले. रामकुंडावर आपण हेच करतो. पायात काही घालून पाण्यात जायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. चौथ्या-पाचव्या पावलाला मामा एवढ्या जोरात ओरडले, की आधी वाटलं पाय मोडला. होडीवाल्याने धावत येऊन हातातल्या काठीने तिथला एक दगड हळूच ढोसला. त्या दगडाच्या पाठीवर काटे ताठ उभे राहिले. तोपर्यंत आम्हा सातांपैकी एकालाही तिथे मासा आहे हे कळलं नव्हतं, आणि पाणी तर आरशासारखं स्वच्छ होतं.

पुढच्या तासाभरात आम्ही जे केलं त्यातलं बहुतेक चुकीचं होतं. ते तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर भेटलेल्या प्रत्येक डॉक्टरला विचारून आणि वाचून जे पक्कं समजलं तेवढंच इथे आहे.

१. आधी हा मासा समजून घ्या

दगडमासा, इंग्रजी नावाने स्टोनफिश. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत उष्ण पाण्यातल्या प्रवाळात आणि आसपासच्या उथळ जागी तो राहतो. आपल्याकडे अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या पाण्यात तो आहे. लांबी साधारण वीतभर ते दीड-पावणेदोन वीत, म्हणजे मोठा झाला तर ४० सेंटिमीटरपर्यंत. अंगाला खवले नाहीत. जाड, मस्से आलेली कातडी असते आणि तिच्यावर शेवाळही वाढतं. छातीकडच्या मोठ्या पंखांनी तो वाळू उकरून त्यात बसतो आणि तासन्‌तास हलत नाही. जवळून एखादा छोटा मासा गेला की तोंड उघडून त्याला आत ओढतो. हे सगळं सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात होतं. त्या शिकारीत विषाचा काही संबंध नाही.

विष आहे ते पाठीवरच्या १३ काट्यांत. प्रत्येक काट्याच्या दोन्ही बाजूंना विषाची एकेक पिशवी असते आणि वरून कातडीचं आवरण. पाय पडला की आपल्याच वजनाने आवरण मागे सरतं, पिशव्या दाबल्या जातात आणि विष काट्यावरच्या खोबणीतून वर चढून जखमेत जातं. म्हणजे जितका जोरात पाय, तितकं जास्त विष. मासा अंगावर येत नाही, पाठलाग करत नाही. तो बसलेला असतो, आपण त्याच्यावर उभे राहतो.

जगातल्या विषारी माशांत याचा नंबर अगदी वरचा. मृत्यू फार विरळा होतात, पण वेदना इतकी भयंकर असते की माणूस पाण्यातच कोसळू शकतो. पाय सुजतो, सूज वर चढत जाते. काहींना घाम, मळमळ, चक्कर, रक्तदाब उतरणं, श्वासाला त्रास असंही होतं.

पहिला फसवा समज इथेच: "फोटो बघून ठेवला की ओळखता येईल." येत नाही. वर वळलेलं तोंड, खळग्यात बसलेले डोळे ही खूण पुस्तकात ठीक आहे. लाटेच्या हलत्या उजेडात, शेवाळलेल्या शंभर दगडांत ती दिसत नाही. मासा ओळखायला शिकू नका, पाय कुठे आणि कसा ठेवायचा ते शिका.

२. नाशिकमध्येच उरकायची कामं

बूट. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर. बाजारात पाण्यात घालायचे म्हणून जे मऊ, मोज्यासारखे बूट मिळतात ते खडक खरचटण्यापुरते ठीक. त्यांच्या पातळ तळातून काटा आरपार जातो. निफाड-सिन्नरकडे शेतावर गेलेल्यांना हे सांगायची गरज नाही, बाभळीचा काटा स्लिपरमधून कसा वर येतो ते त्यांनी सोसलेलं असतं. दगडमाशाचा काटा त्याहून कणखर. तेव्हा जाड, कडक रबरी तळाचे, घोट्यापर्यंत झाकणारे आणि पायाला घट्ट बसणारे बूट घ्या. दुकानात दोन गोष्टी करून बघा: तळ दोन्ही हातांनी दुमडा, कागदासारखा दुमडला तर ठेवून द्या. मग बूट घालून बाहेर खडीवर उभे राहा, एकेक खडा तळपायाला जाणवत असेल तर तोही नको. मी मामींसाठी घेतलेल्या बुटात घरी दाभण टोचून पाहिलं होतं. पहिल्या जोडीत ते सहज आत गेलं, ती जोडी परत केली.

जाड बुटानेही शंभर टक्के हमी मिळत नाही. पण अनवाणी पाय आणि जाड तळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पोहणं. स्नॉर्केलिंगला गेलेली बहुतेक मंडळी प्रवाळावर उभी राहतात कारण त्यांना तरंगता येत नाही. मास्कमध्ये पाणी गेलं की माणूस घाबरतो आणि घाबरला की पाय खाली सोडतो. त्यामुळे जायच्या महिनाभर आधी त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावात किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही जलतरण तलावात जा. वेगाने पोहता आलं नाही तरी चालेल. पालथं पडून तरंगणं आणि मास्कमध्ये पाणी गेल्यावर पाय न टेकवता उताणं होणं, एवढं जमलं पाहिजे. आमच्यातल्या दोन मुलांनी एवढंच शिकून घेतलं होतं आणि त्यांचा पाय एकदाही तळाला लागला नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन. शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर घरच्या डॉक्टरांना विचारून घेऊन टाका. मधुमेह असलेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलून औषधांची यादी लिहून घ्यावी.

विमा. आपल्या साध्या मेडिक्लेममध्ये साधारणपणे २४ तास ॲडमिट असण्याची अट असते. मामांना दिवसभर देखरेखीखाली ठेवून संध्याकाळी सोडलं, त्यामुळे तो सगळा खर्च खिशातून गेला. प्रवासाचा वेगळा विमा काढणार असाल तर पाण्यातले खेळ त्यात येतात का, ते पॉलिसीच्या कागदात स्वतः वाचा. एजंटच्या तोंडी उत्तरावर राहू नका.

३. बॅगेत काय असावं

कागदपत्रं:
- आधार कार्ड, मूळ आणि झेरॉक्स (लक्षद्वीपला जाणार असाल तर भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, तो आधी काढावा लागतो)
- विम्याचं कार्ड आणि पॉलिसीचं पहिलं पान
- चालू औषधांची यादी, ॲलर्जी असेल तर ती ठळक अक्षरात
- धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख

वस्तू:
- एक लिटरचा चांगला स्टीलचा थर्मास (विमानात रिकामा न्या)
- घडी होणारी बादली किंवा पाऊल मावेल असा छोटा टब
- स्वयंपाकाचं किंवा मत्स्यालयाचं थर्मामीटर. तापाचं चालत नाही, ते ४२-४३ अंशांच्या पुढे मोजतच नाही
- चिमटा, स्वच्छ कापड, बॉलपेन

थर्मास हीच या यादीतली खरी चीज आहे. रोज सकाळी हॉटेलमधून निघताना उकळतं पाणी भरून घ्यायचं. आम्हाला कुणी हे सांगितलं असतं तर मामांचा सव्वा तास वाचला असता.

४. ओहोटीची वेळ आणि जागा

ओहोटीला प्रवाळ उघडे पडतात म्हणून तेव्हाच लोक चालत जातात. शहीद द्वीपावरचा लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकपूल बघायचा तो ओहोटीलाच. पण घोटा ते गुडघाभर पाणी उरलेली डबकी आणि खाचा हीच दगडमाशाची आवडती ठिकाणं आहेत. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी जास्त दूर जाते, म्हणून तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा आणि बेटावर पोचल्यावर त्या दिवसाची नेमकी वेळ होडीवाल्यांना विचारा. आपल्या अंदाजाने जाऊ नका, आणि भरती फिरायच्या आत परत या.

घरात गुडघेदुखीवाली वडीलधारी माणसं असतील तर त्यांना खडकांवरून नेण्याचा आग्रह करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ छान दिसतो. तोल जाणारा माणूस कुठेही हात टेकवतो, आणि काटे हातालाही लागतात.

५. पाण्यात चालताना

स्थानिक माणूस पुढे, तुम्ही त्याच्या पावलांच्या रांगेत. शक्यतो उघड्या, कोरड्या खडकावरून चाला. पाण्यातून जावंच लागलं तर काठीने पुढची जागा हलकेच चाचपा आणि पाऊल संपूर्ण भार न टाकता सावकाश ठेवा.

पाय घासत चालावं, म्हणजे मासे पळतात, असं कुणी सांगेल. कोकणात पाकट माशासाठी ही युक्ती चालते, कारण पाकट पळतं. दगडमासा पळत नाही, त्याचा भरवसाच मुळी न हलण्यावर असतो. घासत चालल्याने वरून दणकन पाय पडणं टळेल इतकंच.

सुंदर दगड, शंख, प्रवाळाचा तुकडा उचलू नका. एक तर तो "दगड" काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं. शिवाय प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, मेलेला तुकडाही घरी आणता येत नाही. किनाऱ्यावर पडलेला दगडमासा मेलेला दिसला तरी हात लावू नका. पाण्याबाहेर तो बराच वेळ जिवंत राहतो, आणि मेल्यावरही काट्यातलं विष बाधतं.

६. काटा लागलाच तर

आपण विंचू-सापाच्या मुलखातली माणसं. विंचू चावला, साप चावला की हात आपोआप दोरीकडे जातो. आम्हीही तेच केलं. मामांच्या गुडघ्याखाली पंचा करकचून बांधला आणि शीतपेयाच्या पेटीतला बर्फ पायावर लावला. दोन्ही चूक. बांधल्याने विष आणि सूज एकाच जागी कोंडते, पायाचा रक्तपुरवठा तुटायची भीती. बर्फाने वेदना वाढते. मामा बर्फ लावला की ओरडत होते आणि आम्ही त्यांना "जरा सहन करा" म्हणत होतो. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

योग्य क्रम असा:

क) आधी पाण्याबाहेर काढा आणि आडवं झोपवा. उभं ठेवू नका, चक्कर येते.

ख) अंगठ्या, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढा. पाय अर्ध्या तासात इतका सुजतो की मग जोडवी कापावी लागतात.

ग) जखम स्वच्छ पाण्याने धुवा. वरवर अडकलेला तुकडा दिसत असेल तर चिमट्याने काढा. खोल गेलेला उकरू नका. चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, आवळून बांधू नका.

घ) गरम पाणी. या माशाचं विष प्रथिनाचं आहे आणि उष्णतेने ते निकामी होतं, म्हणून पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा. ४२ ते ४५ अंश, त्याहून वर कधीच नाही. वेळ ३० ते ९० मिनिटं. साधं पाणी २८ अंशांच्या आसपास असेल तर उकळतं एक भांडं आणि साधं तीन भांडी मिसळली की ४५-४६ येतं, थोडं साधं अजून घाला. थर्मासमध्ये काही तास राहून ८० अंशांवर आलेलं पाणी असेल तर एकाला दोन. थर्मामीटरने बघूनच पाय आत. पाणी गार होत जातं तसं गरम घालत राहा, पण घालताना पाय बाहेर काढा.

इथला धोका नीट लक्षात घ्या. वेदनेने वेडा झालेला माणूस "अजून गरम, अजून गरम" म्हणतो, कारण त्याला भाजलेलं कळत नाही. म्हणून पाण्याचा अंदाज दुसऱ्याने आपल्या हाताने घ्यायचा, किंवा त्याच्याच चांगल्या पायाने. मधुमेहाने पायाची संवेदना कमी असलेल्यांच्या बाबतीत तर थर्मामीटरशिवाय करूच नका.

च) सूज कुठवर आली तिथे बॉलपेनने रेघ मारा, बाजूला वेळ लिहा. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

छ) हे चालू असतानाच ११२ ला फोन करा, वाहनाची सोय करा. गरम पाण्याने बरं वाटलं तरी दवाखाना टाळायचा नाही. श्वास लागतोय, छातीत धडधड, ओठ-चेहरा सुजतोय, शुद्ध हरपतेय असं काही दिसलं तर पाय बुडवत बसू नका, निघा. श्वास थांबला तर छाती दाबायला सुरुवात करा.

बेटावरच्या आरोग्य केंद्रात पोचलो तेव्हा सिस्टरनी काही न विचारता आधी पंचा सोडला आणि बादली मागवली. पाणी कोपराने बघून मामांचा पाय आत ठेवला. मामी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दहा-बारा मिनिटं काहीच फरक नाही. मग मामांची मूठ सैल झाली. अर्ध्या तासाने त्यांनी पहिल्यांदा डोळे उघडून विचारलं, "सगळ्यांनी जेवण केलं का?"

७. दवाखान्यात काय सांगायचं, काय मागायचं

वेळ, जागा, किती भोकं दिसतात, पाण्यात किती वेळ पाय ठेवला, आधीचे आजार, चालू औषधं. हे सगळं एकाच माणसाने सांगा. आम्ही चौघे एकदम बोलत होतो.

सापाच्या लसीचा हट्ट धरू नका. आपल्याकडची सर्पविष प्रतिलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते, या माशावर तिचा उपयोग नाही. दगडमाशाची वेगळी प्रतिलस ऑस्ट्रेलियात १९५९ पासून आहे, तीही घोड्यांच्या रक्तातूनच तयार करतात. छोट्या बेटावर ती असेलच असं धरून चालू नका. वेदना कमी करण्यासाठी डॉक्टर नस बधिर करण्याचं इंजेक्शन देऊ शकतात. धनुर्वात आणि जंतुसंसर्गाचा विचार तेच करतील. समुद्राच्या पाण्यातली जखम वेगळ्या जंतूंनी चिघळू शकते, म्हणून "समुद्रात झालेली जखम" हे शब्द आवर्जून वापरा. विषाबाबत सल्ला लागला तर दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्याचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७. निघण्याआधीच तो फोनमध्ये टाकून ठेवा.

निघताना केसपेपर, औषधांची चिठ्ठी, प्रत्येक बिल आणि एक्स-रे मूळ स्वरूपात घ्या. बेटावरून कागद मागवणं नंतर फार जड जातं.

८. नाशिकला परतल्यावर

हा टप्पा सगळे विसरतात. आम्हीही. परतल्यावर नवव्या दिवशी मामांचा घोटा पुन्हा सुजला, गरम लागायला लागला. पहिल्या ठिकाणी "काटा बोचला असेल" म्हणून वेदनाशामक गोळ्या देऊन परत पाठवलं. नाशिकसारख्या समुद्रापासून लांबच्या गावात डॉक्टरांना ही जखम रोज दिसत नाही, त्यामुळे माहिती आपणच द्यावी लागते. दुसऱ्या ठिकाणी अंदमानचे कागद दाखवले, तेव्हा त्यांनी सोनोग्राफी केली. काट्याचा बारीकसा तुकडा आत होता. तो काढल्यावर आठवडाभरात सूज उतरली.

म्हणून परतल्यावर एक चिठ्ठी लिहून खिशात ठेवा, ती तशीच डॉक्टरांच्या हातात द्या: "अमुक तारखेला समुद्रात दगडमाशाचा काटा लागला. गरम पाण्याचा उपचार झाला. धनुर्वाताचं इंजेक्शन अमुक तारखेला. आत तुकडा राहिला आहे का ते पाहावं." लालसरपणा पसरणं, पू, ताप, पुन्हा वाढणारी वेदना किंवा बोटं बधिर वाटणं यांपैकी काही दिसलं की वाट बघू नका.

कोकणात जाणाऱ्यांसाठी एक जोड: पाकट आणि शिंगाळ्याच्या काट्यालाही गरम पाण्याचा हाच उपचार चालतो, आणि तिथेही दवाखाना चुकवायचा नाही. थर्मास तारकर्लीच्या सहलीलाही सोबत असू द्या.

मामांना नीट चालायला सहा आठवडे लागले. येत्या डिसेंबरात ते पुन्हा अंदमानला जाणार आहेत, या वेळी मामींना जेल निवांत दाखवायचं आहे. बूट घेऊन झाले आहेत. समुद्राला नमस्कार कोरड्या वाळूवरून करायचा, असं मामींनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.